आम्रपाली किती खेळेल?

सोयाबीन वाळत आलं की आमच्याकडच्या हवेला एक वेगळा वास येतो. भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा कोरडा, थोडा नाकात चढणारा. मंगरूळपीरहून इंझोरीकडे निघालं की एसटीच्या खिडकीतून तो आत येतो आणि त्याच्या पाठोपाठ बारीक धूळ. कुठेतरी मळणीयंत्र धडधडत असतं. सोंगलेल्या, म्हणजे कापलेल्या, सोयाबीनच्या सुड्या ताडपत्रीखाली बसलेल्या असतात आणि मधल्या ओळींतली तूर मात्र अजून हिरवीगार, फुलावर यायच्या बेतात. काल मी त्याच वाटेनं गेले. शेजारची बाई पदर नाकाला लावून शिंकत होती आणि मला उगाच हसू येत होतं, कारण त्या वासानं मला दरवर्षी बास्केटबॉल आठवतो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात त्या एकत्र बांधल्या गेल्यात त्या गेल्याच. तिकडे अमेरिकेतले व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ते जूनमध्ये, इकडे पेरणीची धांदल असते तेव्हा. ती पोरं पहिल्यांदा खऱ्या सामन्यात उतरतात ऑक्टोबरात, इकडे सोंगणी चालू असते तेव्हा. मधल्या काळात जगभरची माणसं अंदाज बांधत बसतात की कोणता पोरगा चमकेल, कोणता दोन वर्षांत विसरला जाईल. मीही बसते. माझं पोट त्यावरच आहे.

पुण्याच्या एका कंपनीत मी आकडेवारीचं काम करते. नव्यानं निवडलेला खेळाडू पुढे कसा खेळेल, हे सांगणारं एक मॉडेल आमच्या गटानं बसवलं होतं. त्याला पोराचं वय द्यायचं, उंची द्यायची, हातांचा पसारा द्यायचा, कॉलेजात तो किती आणि कोणाविरुद्ध खेळला ते द्यायचं. मग ते सांगायचं, याच्याकडून साधारण इतकी अपेक्षा ठेवा. या कामात मला पहिल्यापासून गंमत वाटायची ती आकड्यांच्या आड लपलेल्या गोष्टींची. लांबून बास्केट टाकणारा पोरगा पुढेही तशीच टाकेल का, हे त्याच्या लांबच्या फेकींपेक्षा त्याच्या फ्री थ्रोवरून जास्त कळतं. फाउल झाल्यावर मिळणारी ती मोकळी फेक. समोर कोणी हात आडवा घालत नाही, घाई नाही. मनगट आणि श्वास, एवढंच. दोन पोरांचे आकडे सारखे असले तर वयानं लहान असलेल्यावर भरवसा ठेवावा, हेही तिथेच कळलं. आणि एक गोष्ट मला अजूनही सतावते. ज्याला आधी निवडलं जातं, तो सुरुवातीला खराब खेळला तरी त्याला पुन्हा पुन्हा मैदानात उतरवतात. उतरून उतरून तो शिकतो. मग आपण म्हणतो, बघा, अंदाज बरोबर होता. तो बरोबर होता की आपणच तो बरोबर करून घेतला, हे वेगळं कसं काढायचं?

मी सांगतेय त्या हंगामात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी लॅपटॉप घेऊन मंगरूळपीरला आले आणि सोंगणी संपेपर्यंत राहिले. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं होतं. बाहेरून बाजार समितीकडे जाणारे ट्रॅक्टर, आत माझ्या पडद्यावर लांबलांब हातांची पोरं. तिकडे संध्याकाळ होते तेव्हा आमच्याकडे सकाळच्या पोळ्यांची वेळ. आई पाय लांब करून कॉटवर बसायची, मी पोळ्या लाटता लाटता सामना बघायची.

"हा कोन व, एवढा लंबा?" आई विचारायची.

"नवीन आहे. याच वर्षी निवडलाय. वीस वर्षांचाही नाही अजून."

"त्याच्या मायनं त्याले एवढ्या दूर कसं धाडलं असन?"

मला ते कुठून माहीत असणार! मला त्याच्या तळव्याची रुंदी माहीत होती, त्याच्या आईचं नाव माहीत नव्हतं. त्यातला एक पोरगा मला फार आवडायचा. खूप मागून निवडलेला, पण आमच्या मॉडेलची त्याच्यावर मर्जी होती. तो बाकावरून उठला की माझा लाटण्यावरचा हात थांबायचा. मंगरूळपीरमध्ये एक बाई आपल्या फ्री थ्रोची काळजी करते, हे त्या बिचाऱ्याला कधी कळायचं नव्हतं.

माझी मामेबहीण आम्रपाली तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होती. मामांचं घर आणि शेत इंझोरीला. पण आम्रपाली शाळेपासून मंगरूळपीरला शिकली, इथल्याच मैदानावर राठोड सरांच्या हाताखाली बास्केटबॉल खेळली, पुढे विद्यापीठाच्या संघात गेली. त्या वर्षी ती दोन दगडांवर पाय ठेवून उभी होती. एकीकडे पोलीस भरती. मामीचा सगळा जीव त्या भरतीत. रोज उजाडताना आम्रपाली भरतीच्या इतर पोरींबरोबर रस्त्यानं पळायची. दुसरीकडे अचानक एक नवी गोष्ट घडली होती. मुलींची एक व्यावसायिक लीग निघाली, संघमालकांनी देशभरातून खेळाडू निवडल्या, आणि दक्षिणेतल्या एका शहराच्या संघानं आम्रपालीचं नाव घेतलं. इंझोरीत पेढे वाटले गेले. मग तारखा आल्या आणि कळलं की भरतीची मैदानी चाचणी आणि लीगचं शिबिर एकाच आठवड्यात आहे.

एका दुपारी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. हातात अर्धं सीताफळ.

"ताई, काय करून राह्यली दिवसभर?"

मी सांगितलं. ती बिया तळहातावर काढत नीट ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले टाक ना त्याच्यात."

"हे अमेरिकेतल्या पोरांसाठी बनवलंय, आमू."

"असू दे. मी किती खेळीन ते सांग."

तिचे आकडे कुठेच नव्हते. ज्या मैदानावर ती वाढली त्याच्या रेघा चुन्याच्या फक्कीनं मारायच्या आणि खेळता खेळता त्या पुसून जायच्या. पण विद्यापीठाच्या सामन्यांचे मैत्रिणींनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ होते, त्यात कोणाचा तरी अंगठा अर्ध्या पडद्यावर. ते आम्ही बघायला बसलो. मी थांबवायची, ती सांगायची, हा बॉल माझा, हा पास माझा, इथे मी मागे राहिले. आम्रपालीनं स्वतःला असं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मी अशी वाकून पळतो का व?" तिनं विचारलं. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘पळतो, येतो’च म्हणतात.

"पळतेस."

"मायबाई!" म्हणून ती हसली आणि तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

आमचा हा उद्योग कळल्यावर राठोड सर मुद्दाम चहाला आले. आयुष्यभर उन्हात उभं राहिलेला माणूस, मान आणि हात करपलेले, शर्टाच्या खिशात कायम एक शिट्टी. लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आकडे कायले पायजे? हे पोट्टी देशाकडून खेळन. मी सांगून राह्यलो."

"कशावरून, सर?"

"खाली पडल्यावर पोट्टं आधी काय पाहाते, त्याच्यावरून. ढोपर पाहाते का बॉल पाहाते? हे बॉल पाहाते. सातवीत होती तवापासून."

मला ही कसोटी फारच आवडली. ती मॉडेलमध्ये कशी घालता येईल, याचा मी नंतर दोन दिवस विचार करत होते. सरांना विचारलंही, की बॉलकडे बघणारी सगळी पोरं पुढे गेली का? सर थांबले, चहाचा घोट घेतला, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "जे गेले ते ध्यानात हायेत. बाकीचे आठवा लागतीन." मग खरोखरच बसून आठवू लागले. एक पोरगा बॉलच पाहायचा, तो आता मेडशीला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. एक मुलगी ढोपर धरून रडायची, ती राज्याच्या संघात गेली. आठवता आठवता सरांनाच हसू यायला लागलं. पण उठताना पुन्हा म्हणाले, "तरी आमू खेळन."

मामा आले ते सोंगणीच्या घाईतून वेळ काढून. आईच्या गुडघ्याची चौकशी झाली, आणि मग मूळ मुद्दा. त्यांना हे मशीन समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही पेरणीच्या आधी उगवण तपासता ना? ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडायचे, किती कोंब येतात ते पाहायचं. ऐंशीच्या आसपास उगवले तर बियाणं चांगलं. तसंच आहे हे."

मामांना पटलं. त्यांनी मान डोलावली. मग जरा वेळानं म्हणाले, "पन माहा दाना एकच हाये, बाई. तो उगवनाऱ्यातला का न उगवनाऱ्यातला?"

"ते नाही सांगता येत. एकाचं नाही सांगता येत."

"मंग कायचं मशीन?" मामा म्हणाले आणि आई जोरात हसली.

मीही हसले, पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. कंपनीत आम्ही शेकडो खेळाडूंचे अंदाज एकदम बघायचो. काही वर जायचे, काही खाली, एकंदरीत मेळ बसायचा. त्या मेळाचा आम्हाला अभिमान होता. पण ज्या पोराचा अंदाज चुकला, त्याच्या घरी मेळ कसला? आणि ज्याचा बरोबर आला, त्याला तरी त्याचा काय उपयोग? तरीही बघावंसं वाटतं. निकालाची पाटी लागण्याआधी तिच्या मागून डोकावून बघायची जी इच्छा असते, तीच ही. ती मला चुकीची वाटत नाही. शेतात आभाळाकडे बघणारी माणसं काय, परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर काय येईल म्हणून डोकी लावणारी पोरं काय, सगळ्यांचा तोच खेळ चालू असतो.

आम्रपालीचा निकाल आला तेव्हा ती टेबलावर कोपर टेकून माझ्या शेजारीच बसली होती. मी तिला सरळ सांगितलं. मॉडेलच्या मते ती राखीव खेळाडू राहील. मैदानावर थोडा वेळ मिळेल, बराचसा वेळ बाकावर.

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मग तिनं खुर्ची जवळ ओढली.

"काहून?"

मी एकेक सांगत गेले. वय थोडं जास्त. ज्या संघांविरुद्ध खेळलीस ते कमजोर, म्हणून तुझे आकडे आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. फ्री थ्रो वाईट.

"फ्री थ्रोचं मलेबी माहीत हाये. अन् चांगलं काय हाये त्याच्यात?"

"बॉल हिसकावतेस ते. आणि तुझ्या हातून फाउल फार कमी होतात. इतक्या जवळ जाऊन इतके कमी फाउल करणारं कोणी मी फारसं पाहिलं नाही."

"ते मले दिसते ना," ती म्हणाली. "समोरच्या पोट्टीचा पाय कुठी पडनार हाये ते दिसते." तिला हे काही विशेष वाटत नव्हतं.

मी तिला पुन्हा बजावलं की हे मॉडेल दुसऱ्या देशातल्या मुलांवर घडवलेलं आहे. तुझ्या बाबतीत त्यानं काहीही सांगितलं तरी ते दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून बघण्यासारखं आहे.

"म्हंजे चुकीचंबी असू शकते."

"हो."

"अन् बरोबरबी."

"बरोबरही."

तिनं सीताफळाची सालं गोळा केली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. आता भरती.

त्या रविवारी आम्ही दोघी इंझोरीला गेलो. सोंगणी अर्ध्यावर आली होती. दुपारी सगळे लिंबाखाली जेवायला बसले, भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. मामीनं विषय काढला. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. भाकरी मोडत म्हणाली, "भरतीत लागली तं जल्माची सोय होते. खेळाचं काय हाये, चार दिवस."

"राठोड सर म्हनून राह्यले देशाकडून खेळन," मामा म्हणाले. गावात हे वाक्य ते बऱ्याच जणांना सांगून बसले होते.

तेव्हा आम्रपालीनं स्वतःच सांगितलं. काही न लपवता, जसं मी तिला सांगितलं होतं तसंच. ताईच्या मशीननं सांगितलं, मी बाकावर बसीन.

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, पण मला खाली बघावंसं वाटलं. "मंग जाऊन काय करतं?" ते हळूच म्हणाले.

"पाहाचं हाये मले," आम्रपाली म्हणाली.

"काय पाहाचं हाये?"

"तिथी कसं खेळतात ते. आपन कुठी कमी पडतो ते. बाबा, मी लय चांगली खेळीन म्हनून नाई जाऊन राह्यली. भरती फिरून निंघते. हे बोलावनं फिरून येईन का?"

मामी उठली, हात धुतले, विळा घेतला आणि ओळीला लागली. दुपारभर तिचा विळा इतरांपेक्षा पुढे होता. चौथ्या की पाचव्या दिवशी आम्रपालीची बॅग भरली गेली तेव्हा त्यात जवसाच्या चटणीचा मोठा डबा होता. तो मामीनंच इंझोरीहून पाठवला होता. बसस्टँडवर मात्र ती आली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्यासाठी दोन हंगाम एकदम चालू होते. सकाळी अमेरिकेचे सामने, संध्याकाळी आम्रपालीचे फोन. "ताई, इथच्या पोट्ट्या कशा पळतात सांगू! मी वळून पाहातो तवरोक बॉल गेलेला रायते." ती शिबिरात रोज फ्री थ्रोचा सराव करायची, आणि ते खरंच सुधारले. पण बाकी सगळं मॉडेलनं सांगितलं तसंच झालं. ती बाकावर बसली. कधी कोणी दमलं की उतरायची, बॉल हिसकावायची, पुन्हा बसायची. एकदा तिचा फोन आला तेव्हा आवाजात अशी काही मजा होती की मला वाटलं संघ जिंकला. "ताई, तुहं मशीन बरोबर निंघालं! अगदी तेवढाच टाईम देऊन राह्यले मले!" माझ्या अंदाजावर इतक्या आनंदानं कोणी कधी बोललं नव्हतं. अमेरिकेतला माझा लाडका पोरगा मात्र त्याच काळात घोट्याला मार लागून घरी बसला. आमच्या मॉडेलची त्याच्यावरची मर्जी फुकट गेली. ज्याला आम्ही जवळजवळ नाकारलं होतं तो दुसराच एक पोरगा रोज सकाळी माझ्या पोळ्या करपवत होता.

बाकावर बसून आम्रपाली काय करते, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, पंच पाहातो. तिथे एक वयस्कर बाई पंच होत्या. बॉल कुठे जाणार हे त्यांना आधीच कळल्यासारखं वाटायचं. सगळ्या पोरी तिकडे पोचायच्या तेव्हा त्या तिथे उभ्या असायच्या. आम्रपालीला प्रश्न पडला की हे कसं. एक दिवस सामना संपल्यावर तिनं जाऊन विचारलंच. बाईंनी तिला बाटलीतलं पाणी दिलं आणि तासभर समजावून सांगितलं. पुढच्या सामन्यापासून आम्रपाली प्रत्येक शिट्टीच्या आधी मनातल्या मनात शिट्टी मारू लागली. बरोबर किती येतात ते पाहायची.

दुसऱ्या हंगामानंतर ती लीग बंद पडली. कारणं कोणी नीट सांगितली नाहीत. ज्या पोरी बाकावर होत्या त्या घरी गेल्या, ज्या रोज चमकत होत्या त्याही घरी गेल्या. आम्रपाली इंझोरीला परत आली तेव्हा पुन्हा सोयाबीनचेच दिवस होते. मी भेटायला गेले तर ती मळणीयंत्रापाशी होती, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. यंत्राच्या आवाजात ती ओरडून म्हणाली, "ताई, लीग बंद पडन असं काई होतं का तुह्या मशीनीत?"

"नव्हतं!" मीही ओरडले.

ती हसली असावी. डोळे बारीक झाले. पण रात्रीच्या भाकरी थापताना मामी मला म्हणाली, "दिवसा हासते. बोलत नाई जास्त." गावात लोक विचारायचे, काय झालं त्या खेळाचं? मामा उत्तर देण्याऐवजी बैलांकडे जायचे. मधल्या काळात भरती निघून गेली होती. पुढची कधी, कोणाला माहीत नव्हतं. ते वर्ष आम्रपालीला जड गेलं, आणि मला त्याबद्दल गोड काही लिहायचं नाही. राठोड सर अधूनमधून फोन करायचे, मैदानावर ये म्हणायचे. ती जायची नाही.

मग एका सकाळी ती गेली. लहान पोरींचा सराव सामना होता आणि पंच आलेला नव्हता. सरांनी खिशातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली. पुढचं मी फोनवर ऐकलं. सर म्हणाले, "पोट्टीनं अशी शिट्टी मारली का मीच दचकलो." पंचाची परीक्षा ती पहिल्याच खेपेला पास झाली. आता मंगरूळपीरच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि हंगामात जिल्ह्याजिल्ह्यांतून सामन्यांना पंच म्हणून जाते. राठोड सर म्हणाले होते, देशाकडून खेळेल. मी म्हटलं होतं, बाकावर बसेल. मामीला ती वर्दीत दिसत होती. शिट्टी आमच्यापैकी कोणालाच दिसली नव्हती.

काल मी त्या वासातून इंझोरीला गेले ती मामांना घ्यायला. आज सकाळी आम्ही वाशीमला आलो. शालेय मुलींचे सामने होते. आम्रपालीला शिट्टी मारताना मामांनी आजवर पाहिलं नव्हतं. ते स्वच्छ पांढरा शर्ट घालून पायरीवर माझ्याशेजारी बसले आणि मैदानापेक्षा तिच्याकडेच बघत राहिले.

शेवटच्या सामन्यात राठोड सरांचा संघ होता. त्याला पंच आम्रपालीच. समोरच्या संघाच्या शिक्षकांनी आधीच कुरकुर केली, ही तर सरांचीच विद्यार्थिनी. दुसरा पंच मिळण्यासारखा नव्हता. आयोजकांनी समजूत घातली आणि सामना सुरू झाला. आमच्या मागे बसलेला एक माणूस प्रत्येक शिट्टीला ओरडत होता, "घरचा पंच! घरचा पंच!" मामांच्या मानेची शीर ताठ व्हायची, पण ते वळले नाहीत.

अगदी शेवटी सरांचा संघ एका गुणानं मागे होता. त्यांची एक किडकिडीत, केसांच्या दोन घट्ट वेण्या घातलेली पोरगी बॉल घेऊन सुसाट निघाली, मध्ये उभ्या असलेल्या मुलीला धडकली, तरी तिनं बॉल टाकला आणि तो आत गेला. सगळी पोरं उठून नाचायला लागली. आणि आम्रपालीची शिट्टी वाजली. तिनं बंद मूठ उघड्या तळहातावर आपटली. बास्केट रद्द. धडक मारणाऱ्या पोरीचाच फाउल. समोरची आधीच पाय रोवून उभी असली तर दोष धडकणारीचा.

राठोड सर बाकावरून उठले. त्यांचा चेहरा मी इतका लाल कधी पाहिला नव्हता. ते रेघेपर्यंत आले. आम्रपाली जागची हलली नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि बॉल समोरच्या संघाच्या हातात दिला. सर तसेच उभे राहिले, मग मागे वळून बसले. सामना तिथेच संपला. सरांचा संघ हरला. आमच्या मागच्या माणसाला आता काय ओरडावं कळेना.

लोक पांगले. आम्ही खाली उतरलो. राठोड सर आम्रपालीसमोर उभे होते.

"समोरच्या पोट्टीचे पाय रोवले होते काय आधी?" त्यांनी विचारलं.

"हो सर. दोन्ही."

"मले नाई दिसले," सर म्हणाले. काही वेळ त्यांनी जमिनीकडे पाहिलं. "मंग शिट्टी बरोबर हाये." आणि ते आपल्या रडणाऱ्या पोरींना गोळा करायला गेले.

आम्रपाली पायरीवर बसली. मामांनी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. तिनं बुटाच्या नाड्या सोडल्या होत्या, एवढ्यात ती दोन वेण्यांची पोरगी आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठणठणीत.

"मॅडम, मंग मी कुठून जायले पायजे होतं?"

आम्रपालीनं तिच्याकडे पाहिलं. मग नाड्या पुन्हा बांधल्या आणि उठली. दोघी मैदानात गेल्या. आम्रपाली पाय रोवून उभी राहिली, पोरगी बॉल घेऊन आली, धडकली. पुन्हा. पुन्हा धडकली. आम्रपाली तिच्या खांद्याला धरून दाखवत होती, इथून वळ, इथे पाय टाक.

"हे पोट्टी पुढी खेळन काय, सुजाता?" मामांनी विचारलं.

"पाहू मामा," मी म्हटलं. मलाही तेच बघायचं होतं, पुढच्या खेपेला ती कुठून जाते ते.

इंझोरीच्या गाडीची वेळ होत आली होती. मामांनी हाक मारली.

"थांबा ना बाबा," आम्रपाली पाठ न वळवता म्हणाली. "एकडाव अजून."